लिफाफ्यावरील आद्य दातेरी टपाल तिकिटे (पेण–रोहे परिसर)

लिफाफ्यावरील आद्य दातेरी टपाल तिकिटे : कडेने छिद्रे पाडलेली सुरुवातीच्या काळातील टपाल तिकिटे ज्या पत्रावर चिकटून टपालात गेली, त्या पत्रासह किंवा पाकिटासह जपण्याचा संग्रहप्रकार. छिद्रांच्या रांगेवर तिकीट फाडले की कडेला दात उरतात, म्हणून ते ‘दातेरी’. संग्राहकांच्या बोलण्यात छिद्रांना ‘परफोरेशन’, तर तिकीट लावून टपालातून गेलेल्या पाकिटाला ‘कव्हर’ म्हणतात. दोन सेंटिमीटर लांबीत जितकी छिद्रे बसतात, तितके त्या तिकिटाचे छिद्रमान. भारतापुरता या तिकिटांचा आद्य काळ १८५५ ते १८८२ असा धरता येतो. रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील पेण आणि रोहे ही खाडीकाठची दोन बाजारगावे या संग्रहप्रकाराचे मर्म समजावून घेण्यास विशेष सोयीची आहेत.

पूर्वपीठिका : ब्रिटनचे पहिले तिकीट ‘पेनी ब्लॅक’ मे १८४० मध्ये आले. त्याला छिद्रे नव्हती. टपालघरातील कारकून कात्रीने तिकिटे कापून देत असे. हेन्री आर्चर याने १८४७ च्या सुमारास छिद्रे पाडण्याच्या यंत्राची कल्पना मांडली. सरकारने त्याचे हक्क ४,००० पौंडांना विकत घेतले आणि १८५४ पासून ब्रिटिश तिकिटे दातेरी झाली.

अमेरिकेची पहिली सार्वत्रिक तिकिटे १ जुलै १८४७ ची. तीही बिनछिद्रांची होती. तिकिटे छापणाऱ्या टोपन, कार्पेंटर आणि कंपनीने इंग्लंडमधील डर्बी येथील बेमरोज कारखान्याचे यंत्र आणल्यावर १८५७ पासून तेथे साडेपंधरा छिद्रमानाची तिकिटे निघू लागली. त्याआधीच शिकागोतील एलायजा हॅडली नावाच्या दंतवैद्याने स्वतःच्या यंत्रावर साडेबारा छिद्रमानाची छिद्रे पाडून पाहिली होती. ही अनधिकृत ‘शिकागो छिद्रे’ असलेली तिकिटे मूळ पत्रावर मिळणे अतिशय दुर्मिळ आहे. १८६० चे ९० सेंटचे निळे तिकीटही तसेच. यादवी युद्ध सुरू झाल्यावर १८६१ मध्ये जुनी तिकिटे रद्दबातल ठरली. त्यामुळे या तिकिटाला वापरासाठी जेमतेम वर्षभराचा अवधी मिळाला आणि ते लिफाफ्यावर मोजकेच उरले. सुटे तिकीट आणि लिफाफ्यावरचे तिकीट यांच्या मोलात केवढे अंतर पडू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

मराठी मुलखाशी या अमेरिकी तिकिटांचा संबंध येतो तो मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनमुळे. मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले आणि अहमदनगरहून त्याने १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ काढले. त्या काळात अमेरिकेतून भारताकडे येणारी पत्रे बव्हंशी ब्रिटिश टपालातून, सुएझच्या वाटेने येत. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला होईपर्यंत टपालाच्या थैल्या इजिप्तमधून जमिनीवरून नेऊन पुन्हा आगबोटीवर चढवीत. असा लिफाफा हाती आला, तर त्यावरचे वाटेतले शिक्केच त्या प्रवासाचा दाखला असतात.

भारतातील आरंभ : सिंध प्रांताचे आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी १ जुलै १८५२ रोजी ‘सिंध डाक’ तिकिटे काढली. १ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच दर लागू झाला : पाव तोळ्यापर्यंतचे पत्र, अंतर कितीही असो, अर्ध्या आण्यात. पूर्वी हशील अंतरावर ठरत असल्याने हा बदल खेड्यापाड्यांच्या फार उपयोगी पडला. तिकीट न लावलेले पत्र मात्र घेणाऱ्याला दुप्पट हशील भरून सोडवावे लागे. ‘बेरंग’ आणि ‘नॉटपेड’ हे शब्द त्या व्यवहारातूनच मराठीत रुळले. १८५४ ची तिकिटे कलकत्त्यात कॅप्टन थ्युलियर यांच्या देखरेखीखाली सर्वेक्षण कचेरीत छापली गेली. ती बिनछिद्रांची होती.

पुढे छपाईचे काम लंडनच्या डी ला रू कंपनीकडे गेले. १८५५ मध्ये चार आण्यांचे काळे आणि आठ आण्यांचे गुलाबी-लाल, तर १८५६ पासून अर्ध्या आण्याचे निळे, एक आण्याचे तपकिरी आणि दोन आण्यांचे गुलाबी तिकीट आले. सर्वांचे छिद्रमान १४ होते. वर ‘ईस्ट इंडिया पोस्टेज’ हा इंग्रजी मजकूर आणि मध्ये राणी व्हिक्टोरियाचे मुख अशी त्यांची घडण. १८६० मध्ये आठ पैंचे जांभळे तिकीट आले. १८६५ पासून कागदात हत्तीच्या मस्तकाचा जलचिन्ह-ठसा आला. १८८२ च्या मालिकेपासून ‘ईस्ट’ हा शब्द गळून केवळ ‘इंडिया पोस्टेज’ उरले. हिंदुस्थानची तिकिटे पुढेही दीर्घकाळ लंडनहूनच येत राहिली. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये ती छापली जाऊ लागली १९२६ मध्ये.

पेण व रोहे : पेण भोगावतीच्या काठी आहे. त्याचे बंदर अंतोरे. भात आणि मीठ हा इथला मुख्य माल. रोहे कुंडलिकेच्या काठी, पलीकडे अष्टमी. भाताची ही जुनी पेठ. दोन्ही गावांचा मुंबईशी व्यवहार खाडीतून पडाव-मचव्यांनी चाले. भरती असेल तेव्हाच गलबत आत येई आणि पावसाळ्यात दर्याची वाट बंद होऊन नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा उघडे. म्हणून या भागातील पत्रावर रवानगीची आणि पोच झाल्याची, अशा दोन्ही तारखा असतील, तर त्या ऋतूच्या नजरेने वाचाव्यात. माघातले पत्र आणि आषाढातले पत्र यांची वाट एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

पत्त्यांचा अर्थ लावताना प्रशासकीय इतिहास माहीत असावा लागतो. कुलाबा १८५३ पासून ठाण्याच्या अखत्यारीत होते. स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ मध्ये आणि ‘रायगड’ हे नाव मिळाले १९८१ मध्ये. त्यामुळे एकाच गावचा पत्ता काळानुसार वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या नावाने येऊ शकतो. शिवाय मुंबई बेटाच्या दक्षिण टोकालाही कुलाबाच म्हणतात. नुसता ‘कुलाबा’ वाचून लिफाफा जिल्ह्याचा ठरवणे ही नवख्या संग्राहकाची नेहमीची चूक आहे.

शेजारची दुसरी टपालव्यवस्था : पालीचा सुधागड तालुका रोह्याला आणि पेणला लागून आहे. तो भोर संस्थानात होता. भोरने १८७९ मध्ये आपली अर्ध्या आण्याची आणि एक आण्याची तिकिटे काढली. ती हाताने ठसा मारून केलेली, देवनागरी अक्षरांची आणि बिनछिद्रांची होती. म्हणजे सरहद्दीच्या एका अंगाला लंडनमध्ये छिद्रे पाडलेले राणीचे तिकीट आणि दुसऱ्या अंगाला देवनागरी ठशाचे तिकीट, अशी स्थिती काही मैलांच्या अंतरात होती. पेण–रोह्याच्या संग्रहाशेजारी भोरची तिकिटे ठेवली की दातेरी तिकिटाचा प्रसार सगळीकडे एकाच चालीने झाला नाही, हे डोळ्यांना दिसते.

एडनचा धागा : कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्रायल समाजात पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी गावांवरून पडलेली आडनावे आहेत. या समाजातील अनेकांनी मुंबईच्या फौजेत चाकरी केली आणि कित्येक एडनला गेले. एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता, आणि तेथे १९३७ पर्यंत हिंदुस्थानचीच तिकिटे चालत. एडनच्या टपालघराचा शिक्का १२४ क्रमांकाचा. हा क्रमांक ओळखता आला, तर तिकीट भारतीय असूनही पत्र समुद्रापलीकडून आले आहे हे कळते. तेच तिकीट पाण्यात भिजवून सुटे केले, तर उरतो फक्त शिक्क्याचा अर्धामुर्धा तुकडा. कोणी, कुठून, कोणाला लिहिले हे कायमचे जाते.

लिफाफ्याचे वाचन : त्या काळी वेगळे पाकीट क्वचित असे. पत्राचाच कागद दुमडून, टोक आत खोचून किंवा लाखेने बंद करून वर पत्ता लिहीत. अर्ध्या आण्याचे असे एखादे घडीपत्र हाती घेतल्यास पुढील गोष्टी पाहाव्यात.

प्रथम तिकिटाची कड. चारही बाजूंचे दात शाबूत आहेत का, की एखादी बाजू कात्रीने सपाट कापली आहे? छिद्रे आली तरी कात्रीची सवय लगेच सुटली नव्हती. तेव्हा सपाट कड हा दोष असला तरी त्यातून वापराची रीत कळते. मग शिक्का. तो अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर सलग उमटलेला असावा. याला संग्राहक तिकीट ‘टाय’ झाले असे म्हणतात. तिकीट मुळापासून याच कागदावर होते याचा हा सर्वांत भक्कम पुरावा. त्यानंतर पाठ उलटावी. वाटेतील आणि पोच झालेल्या टपालघरांचे शिक्के बहुधा मागे असतात.

शेवटी पत्ता आणि आतला मजकूर. पेढीची पत्रे पुष्कळदा मोडीत असत. आत मिती असते : मास, पक्ष, तिथी आणि शक. शके १७८५ म्हणजे इ.स. १८६३-६४. आतली मिती आणि बाहेरचा इंग्रजी तारखेचा शिक्का पंचांगावरून ताडून पाहावा. दोन्ही जुळले तर पत्र खरे असण्याची शक्यता बळावते. दोहोंत महिन्यांचे अंतर निघाले तर संशय घ्यावा. मोडी वाचता येणे ही या संग्रहातील भिंगाइतकीच गरजेची गोष्ट आहे.

जलचिन्हाबाबत येथे एक अडचण उभी राहते. १८६५ च्या आधीचे आणि नंतरचे अर्ध्या आण्याचे तिकीट दिसायला जवळपास सारखेच. फरक मुख्यतः हत्तीच्या मस्तकाच्या ठशाचा, आणि तो तिकीट चिकटलेले असताना दिसत नाही. तो पाहण्यासाठी तिकीट काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. तारखेचा शिक्का आणि आतली मिती यांवरून काळ ठरवता येतो. उखडलेले तिकीट मात्र पुन्हा ‘टाय’ होत नाही.

दुर्मिळता व बनावट : मोल ठरते ते तिकिटाच्या किमतीवर नव्हे, तर वापराच्या विरळपणावर. अर्ध्या आण्याचे निळे तिकीट सुटे म्हणून सामान्य आहे. लहान गावाचा वाचता येणारा शिक्का, तारीख आणि पूर्ण पत्ता यांसह तेच तिकीट मिळणे दुर्लभ, कारण मोठ्या शहरांच्या मानाने येथून पत्रेच कमी जात आणि नंतर आलेल्या छांदिष्टांनी मिळतील ती तिकिटे भिजवून आल्बमांत लावली. बनावट तीन तऱ्हांची आढळते : जुन्या कोऱ्या कागदावर मागाहून लावलेले तिकीट, तुटलेले दात दुरुस्त करून नव्याने पाडलेली छिद्रे, आणि नंतर मारलेला खोटा शिक्का. नव्याने पाडलेल्या छिद्रांचे अंतर मोजपट्टीवर १४ शी नीट जुळत नाही आणि दातांची टोके फाटल्यासारखी न दिसता कापल्यासारखी दिसतात.

जतन : कोकणातील दमट, खारी हवा हा कागदाचा मोठा शत्रू आहे. तिकिटावर तांबूस डाग पडतात, डिंक ओला होऊन पत्रे एकमेकांना चिकटतात, कसर आणि वाळवी लागते. जुन्या घरांत दप्तरे रुमालात बांधून माळ्यावर ठेवण्याची पद्धत होती. सुती रुमालातून हवा खेळत असल्याने ती मुळात चांगलीच, पण गळक्या कौलांखाली ती टिकत नाही. आज आम्लमुक्त कागद आणि पॉलिएस्टरचे स्वच्छ पाऊच वापरावेत. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पावसाळ्यात त्या बदलाव्यात. चिकटपट्टी, लॅमिनेशन, स्टेपलरची पिन यांपैकी काहीही पत्राला लावू नये. घडी उलगडताना कागद कुरकुरला तर जबरदस्ती न करता जाणकाराकडे न्यावे.

संस्था व अभ्यास : फिलाटेलिक सोसायटी ऑफ इंडिया १८९७ मध्ये स्थापन झाली. मुंबईचे जाल कूपर यांनी भारतातील आरंभीच्या रद्द-शिक्क्यांवर केलेले लेखन आजही या क्षेत्रातील पायाभूत काम मानले जाते. दिल्लीच्या डाक भवनात राष्ट्रीय टपाल तिकीट संग्रहालय आहे. मात्र एका तालुक्याच्या टपालाचा इतिहास अशा मोठ्या केंद्रांतून पूर्ण होत नाही. त्याची साधने पेढ्यांच्या चोपड्यांत, देवस्थानांच्या दप्तरांत आणि घरांच्या माळ्यांवर असतात. घर पाडताना किंवा आवरताना ती रद्दीत जातात. रद्दीवाला कागद वजनावर घेतो, आणि पाव तोळ्याच्या पत्राला त्या वजनात जवळपास काहीच किंमत नसते.

म्हणून पेण–रोह्याच्या संग्राहकाचे पहिले काम विकत घेण्याचे नसून थांबवण्याचे आहे : तिकीट काढण्यासाठी पुढे झालेली कात्री आणि पाण्याची वाटी थांबवण्याचे. लंडनमध्ये पाडलेल्या छिद्रांवर फाडून, खाडीकाठच्या गावात चिकटवून, शिक्का बसून गेलेले पत्र जसे आहे तसे राहिले, तरच ‘पेण’ आणि ‘रोहे’ ही नावे त्यावर वाचता येतात.