तंतुजालक लेसर (बहुतरंगलांबी)

प्रकाशीय तंतूतील जालकांच्या साहाय्याने एकाच वेळी अनेक तरंगलांब्यांचा प्रकाश देणारा व त्या तरंगलांब्या गरजेनुसार सरकवता येणारा लेसर.

जालक : जालक म्हणजे तंतूच्या गाभ्यात ठरावीक अंतराने केलेले अपवर्तनांकातील सूक्ष्म चढउतार. आवर्तनाची लांबी व अपवर्तनांक यांच्या गुणाकाराच्या दुपटीएवढी तरंगलांबी जालक परावर्तित करते. बाकीचा प्रकाश पुढे जाऊ देते. १,५५० नॅनोमीटरसाठी हे आवर्तन सुमारे ५३५ नॅनोमीटर असते. जर्मेनियमयुक्त तंतूत प्रकाशानेच असे जालक उमटते, हे केन हिल व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये कॅनडात दाखवले. १९८९ मध्ये गेराल्ड मेल्ट्झ यांच्या गटाने तंतूवर बाजूने जंबुपार किरणांचे व्यतिकरण घडवून हव्या त्या तरंगलांबीचे जालक तयार केले.

रचना : एर्बियमयुक्त तंतूला ९८० किंवा १,४८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने ऊर्जा दिली की तो १,५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश वाढवतो. त्याच्या एका टोकाला सर्व तरंगलांब्यांसाठी सामाईक आरसा आणि दुसऱ्या टोकाला वेगवेगळ्या आवर्तनांची जालके ओळीने जोडली, तर प्रत्येक जालक आपापल्या तरंगलांबीचा आरसा बनते.

समायोजन : जालक ताणले वा तापवले की त्याची तरंगलांबी वाढते. १,५५० नॅनोमीटरजवळ हजारात एक भाग ताणल्यास ती सुमारे १.२ नॅनोमीटरने, तर एक अंश सेल्सिअस तापमानवाढीने सुमारे ०.०१ नॅनोमीटरने सरकते. काच ताणापेक्षा दाब कितीतरी अधिक सोसते. म्हणून मोठ्या पल्ल्यासाठी जालक दाबणे सोयीचे ठरते.

मुख्य अडचण : तरंगलांब्या निवडणे सोपे, त्या एकत्र नांदवणे अवघड. सामान्य तापमानाला एर्बियमचे बहुतेक अणू सर्व जवळच्या तरंगलांब्यांना सारखीच ऊर्जा पुरवतात. त्यामुळे किंचित वरचढ ठरलेली तरंगलांबी सगळी ऊर्जा ओढून घेते व इतर विझतात. तंतू द्रव नायट्रोजनमध्ये ७७ केल्व्हिनपर्यंत थंड केल्यास ही स्पर्धा मंदावते, परंतु प्रयोगशाळेबाहेर तो उपाय गैरसोयीचा असतो. त्याऐवजी आरशांमधील प्रत्येक फेरीत प्रकाशाची वारंवारता थोडी सरकवणे, चतुर्तरंग मिश्रणाने प्रबळ तरंगाची ऊर्जा दुर्बळांकडे वळवणे किंवा रामन प्रवर्धन वापरणे, असे मार्ग अवलंबतात.

उपयोग : एकाच तंतूतून अनेक तरंगलांब्यांवर संदेश पाठवणाऱ्या यंत्रणांची चाचणी, तसेच ताण व तापमान यांचे मापन. १,५५० नॅनोमीटरजवळच्या ०.०८ नॅनोमीटर अंतराच्या दोन तरंगांच्या विस्पंदातून सुमारे १० गिगाहर्ट्‌झचा सूक्ष्मतरंग संकेतही मिळवता येतो.