एन्जॉय म्हणजे काय वं माय?



मागं आम्ही गटातल्या बाया मिळून नरनाळा किल्ला पाहून आलो. अकोटात राहून वर्षानुवर्षं डोंगर लांबूनच पाहत होतो, या वेळी चढलो. घरी आल्यावर एकीच्या नातीनं विचारलं, "आजी, एन्जॉय केलं का?" आजी म्हणाली, "फिरलो, भाकर खाल्ली, पोट धरून हासलो. आता एन्जॉय मंजे काय, ते तूच सांग वं माय!"

आम्ही हसलो खरं, पण या शब्दाच्या मागं लागलो. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी आपले शब्द पाहू. 'मजा' फारसीतून आला, तिथं त्याचा अर्थ चव. 'मौज' अरबी, मूळ अर्थ लाट. 'हौस'ही अरबीच, म्हणजे मनातली ओढ. वऱ्हाडावर इमादशाही, निजामशाही, मोगल आणि मग हैदराबादचा निजाम अशी राज्यं झाली. दरबाराचा कारभार फारसीत चाले. तिथले शब्द हळूहळू आपल्या चुलीपाशी येऊन बसले. भुलाबाईच्या खेळात खिरापत ओळखताना येते ती मजाच, तिला आज कोणी परकी म्हणत नाही. मग नातीच्या 'एन्जॉय'लाही नाक मुरडायचं कारण नाही.

1853 साली निजामानं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हाती सोपवला. पुढं जमिनीची मोजणी झाली, रयतवारी आली, इंग्रजी कायदे आले. 'एन्जॉय'मधला 'जॉय' म्हणजे आनंद. पण इंग्रजीत या शब्दाला दुसराही जुना अर्थ आहे : एखादी वस्तू किंवा हक्क आपल्याकडे असणं आणि त्याचा लाभ घेणं. कायद्याच्या कागदात शेत 'एन्जॉय' करणं म्हणजे बांधावर बसून गाणी म्हणणं नव्हे. शेत ताब्यात असणं, ते कसणं, त्याचं उत्पन्न घेणं, असा त्याचा अर्थ.

आपल्या मराठी दस्तात याच जागी 'उपभोग' शब्द येतो. सातबारा काढून पाहा, त्यावर 'भोगवटादार' लिहिलेलं असतं. त्या शब्दातही भोगच आहे. मराठीत सुख भोगतात, तसं दुःखही भोगतात. आमच्या आया म्हणायच्या, "माझे भोग, दुसरं काय!" कापूस वेचायला बाई, निंदायला बाई, पण सातबाऱ्यावर नाव पुरुषाचं. भोगवटा त्याचा आणि भोग तेवढे तिचे, अशी ही वाटणी पिढ्यान् पिढ्या चालली.

ती मोडायला वेळ लागला. 1937 च्या कायद्यानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला, पण तो फक्त हयातीपुरता. उपभोग घ्यायचा, मनासारखं विकायचं मात्र नाही. हिंदू कोड बिल रखडलं, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1951 साली मंत्रिपद सोडण्याचं एक मोठं कारण होतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं बाईची ही अर्धी मालकी पूर्ण केली. महाराष्ट्रानं 1994 साली, तर देशानं 2005 साली लेकीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मानं हक्क दिला. बाप 2005 च्या आधी वारला असला तरी लेकीचा हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली सांगितलं. हा कायदा बौद्ध आणि जैन भगिनींनाही लागू आहे. मुस्लिम भगिनींचा वारसा त्यांच्या वैयक्तिक कायद्यानं ठरतो, त्यातही लेकीचा वाटा आहेच.

शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपली काही जमीन बायकोच्या नावे केली. 1992 साली सरकारनंही त्यासाठी योजना काढली.

तरी अजून काय होतं? लेक माहेरी येते, साडीचोळी होते, गोडधोड होतं आणि हळूच हक्कसोडपत्र पुढं येतं. "भावाशी कायले वाईटपणा?" म्हणून ती सही करते. आमच्यातल्याही काहींनी अशी सही केली आहे, कागद न वाचता. हक्क सोडायचा की ठेवायचा, हे जिचं तिनं ठरवावं. मात्र सहीच्या आधी कागद मोठ्यानं वाचून घ्यावा, आपण काय सोडतो आहोत ते समजून घ्यावं. एकदा नोंदणी झाली की मागं फिरणं फार अवघड जातं.

नातीला आता आम्ही सांगितलं आहे, "बाई, किल्ल्यावर एन्जॉय केलं, मजा आली. पण या शब्दाचा दुसरा अर्थही लक्षात ठेव. आपलं असेल, तर त्याचा भोगवटाही आपला असावा."

या आठवड्यात एक काम करा मैत्रिणींनो. घरचा आणि माहेरचा सातबारा काढा, भोगवटादाराच्या रकान्यात कोणाकोणाची नावं आहेत ती वाचा आणि पुढच्या बैठकीत गटाला सांगा.