कलेची दोस्ती आणि तोफांची सावली

एखादा देश आपली कला परदेशी पाठवतो, तेव्हा त्याला दोस्ती हवी असते की दबदबा? जपानच्या इतिहासात दोन्ही सापडतात.

१९०२ साली जपानी कलाविचारवंत ओकाकुरा काकुझो कोलकात्यात ठाकूर कुटुंबाच्या संपर्कात आले. पुढच्या वर्षी त्यांचे सहकारी योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे चित्रकार आले. ताइकान यांचे काम पाहून अवनींद्रनाथांनी कागद पुन्हा पुन्हा भिजवून रंग धूसर करणारी ‘वॉश’ पद्धत घडवली आणि ती बंगाल शैलीची ओळख बनली. पाहुण्यांनीही भारतीय विषय रंगवले. दोघांनी दिले, दोघांनी घेतले.

पुढे काळ बदलला. १९३३ मध्ये जपानने राष्ट्रसंघ सोडण्याची घोषणा केली. १९३४ मध्ये जपानी संस्कृतीची ओळख जगाला करून देण्यासाठी ‘कोकुसाई बुन्का शिंकोकाई’ ही संस्था निघाली. १९३७ मध्ये मात्र चीनवर मोठे आक्रमण झाले. १९३८ मध्ये कवी योने नोगुची यांनी रवींद्रनाथांना पत्र लिहून या युद्धाचे समर्थन केले. जपानी कलेवर जीव असूनही रवींद्रनाथांनी ते साफ नाकारले.

१९७२ मध्ये जपान फाउंडेशन स्थापन झाले आणि जुन्या संस्थेचे काम त्याच्याकडे आले. भाषाशिक्षण, प्रदर्शने, अभ्यासकांची ये-जा यांवर आता भर आहे.

तहजीब पाहुणी म्हणून आली, तर घर तिला जागा देते. फौजेच्या पुढे चालत आली, तर तिच्या सौंदर्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.