संचाचं वय आणि ॲपचं वय



टीव्हीवर ॲप येण्याला आता दीड दशक होऊन गेलं. ही ॲप्स कशी बनली याबद्दल थोडंफार बोललं जातं, पण ती कशी तपासली जातात याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. आज आपण त्या तपासणीचा इतिहास बघू. आपल्यासमोरचा प्रश्न साधा आहे. 'हे ॲप टीव्हीवर चालतं' असं आपण म्हणतो, तेव्हा ते कोणत्या टीव्हीवर चालतं? आणि किती वर्षं?

सुरुवात ॲपच्या आधीपासून करू. बीबीसीने १९७४ साली 'सीफॅक्स' नावाची सेवा सुरू केली. चित्राच्या ज्या रेषा पडद्यावर दिसत नाहीत, त्या रिकाम्या रेषांमधून बातम्या आणि हवामानाची पानं पाठवली जात. १९७६ साली ब्रिटनमध्ये या पानांसाठी एक सामायिक प्रमाण ठरलं. त्या प्रमाणानुसार बनलेल्या कोणत्याही कंपनीच्या संचावर पान उमटायचं. प्रक्षेपण करणाऱ्याला प्रत्येक संचासाठी वेगळं काही करावं लागत नव्हतं. ही सेवा ऑक्टोबर २०१२ मध्ये, ॲनालॉग प्रक्षेपणाबरोबर थांबली. म्हणजे ३८ वर्षं चालली. हा आकडा लक्षात ठेवा.

दुसरा वारसा रिमोटचा. झेनिथ कंपनीत यूजीन पॉली यांनी १९५५ साली प्रकाशाच्या झोतावर चालणारा बिनतारी रिमोट केला, आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांचा ध्वनिलहरींवर चालणारा रिमोट आला. माणूस खुर्चीत बसूनच राहणार, हे तेव्हाच ठरून गेलं. आज टीव्हीचं ॲप लिहिणाऱ्याच्या हाती माउस नाही, पडद्यावर फिरणारं बोट नाही. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, 'ओके' आणि 'मागे', एवढ्याच बटणांवर सगळा कारभार. त्यामुळे पहिली तपासणी अशी असते: आपण आत्ता कुठल्या चौकटीवर आहोत हे दहा फुटांवरून दिसतं का? आणि कुठल्याही पानावर गेलं तरी तिथून बाहेर पडता येतं का?

संगणक टीव्हीत आणण्याचा मोठा प्रयत्न १९९६ साली अमेरिकेत 'वेबटीव्ही'ने केला. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. पण तो एक वेगळा डबा होता, टीव्हीला जोडायचा. खरा बदल २००९ नंतर झाला, कारण ॲप आता संचाच्या पोटातच शिरलं.

इथे एलजीच्या संचांतल्या 'वेबओएस'ची कहाणी बघण्यासारखी आहे. ही प्रणाली २००९ साली पाम कंपनीने फोनसाठी आणली. २०१० मध्ये एचपीने पाम विकत घेतली, २०११ मध्ये फोन आणि टॅब्लेटचा नाद सोडला, २०१३ मध्ये वेबओएस एलजीकडे गेली आणि २०१४ मध्ये ती टीव्हीत दिसली. जन्म फोनसाठी, संसार टीव्हीत! सॅमसंगने २०१५ पासून टायझन वापरली. गूगलची अँड्रॉइड टीव्ही वेगळी, रोकूची तर भाषाच वेगळी. सीफॅक्सच्या काळातलं ते एक प्रमाण आता राहिलं नव्हतं. एकच ॲप चार-पाच घरांत चार-पाच प्रकारे नांदवायचं, अशी वेळ आली.

आता तपासणी करणाऱ्याच्या जागी बसून बघू. ॲप संगणकावरच्या सिम्युलेटरमध्ये सुरेख चालतं. पण सिम्युलेटर संगणकाची ताकद वापरतो, संचातला स्वस्तातला प्रोसेसर आणि तुटपुंजी मेमरी नव्हे. संरक्षित चित्रपटांचं कुलूप उघडतं की नाही, हेही खऱ्या संचावरच कळतं. म्हणून संच आणावाच लागतो. सॅमसंगच्या संचावर ॲप्सच्या पानावर रिमोटने १-२-३-४-५ दाबलं, की डेव्हलपरसाठीचा दरवाजा उघडतो. तिथे आपल्या संगणकाचा आयपी पत्ता द्यायचा आणि ॲप चढवायचं.

पण कोणता संच आणायचा? एलजीच्या २०१६ आणि २०१७ च्या संचांत क्रोमियम ३८ हे ब्राउझर-इंजिन होतं, २०१८-१९ च्या संचांत ५३, २०२० च्या संचांत ६८. आता बघा, क्रोमियम ३८ मुळात २०१४ सालचं. म्हणजे २०१६ मध्ये दुकानातून कोरा करकरीत आणलेला संच आतून दोन वर्षांनी जुनाच होता, आणि आतलं इंजिन पुढेही तिथेच थांबलं. संगणकावरचा ब्राउझर दर काही आठवड्यांनी नवा होतो. त्यामुळे आज सहज लिहिलेली जावास्क्रिप्टची एखादी ओळ त्या संचाला कळतच नाही आणि पडदा काळा राहतो.

न्यायशास्त्रात याला नेमका शब्द आहे. धूर आणि अग्नी यांचा जो अपवाद नसलेला संबंध, त्याला 'व्याप्ती' म्हणतात, आणि अपवाद सापडला की तो 'व्यभिचार'. (शब्दाचा रोजचा अर्थ क्षणभर बाजूला ठेवू.) 'हे ॲप टीव्हीवर चालतं' हे व्याप्तीचं विधान आहे. तपासणी करणारा दिवसभर व्यभिचार शोधत असतो, आणि तो त्याला बहुधा सगळ्यात जुन्या संचावर सापडतो. मग संस्थेपुढे दोन वाटा असतात: ॲप दुरुस्त करायचं, किंवा तो संच यादीतून काढून टाकायचा.

दुसरी वाट किती वेळा निवडली गेली, हा इतिहासाचाच भाग आहे. एप्रिल २०१५ मध्ये यूट्यूबने जुनी जोडणी बंद केली, आणि २०१२ किंवा त्याआधीच्या अनेक संचांवरचं यूट्यूब गेलं. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने सॅमसंगच्या काही जुन्या संचांवरची आणि रोकूच्या जुन्या खोक्यांवरची सेवा थांबवली. त्या संचांचा पडदा ठीक होता, आवाज ठीक होता. घरातल्या माणसांनी काही बिघडवलं नव्हतं.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. प्रत्येक जुना संच तपासायला माणूस, वेळ आणि पैसा लागतो. जुन्या जोडण्या उघड्या ठेवणं सुरक्षेलाही घातक. हे खरं आहे. पण मग मुदत विकतानाच सांगावी. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून असा कायदा लागू झाला, की इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या उपकरणाला सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील, हे निर्मात्याने जाहीर करायचं. ॲप किती काळ चालेल, हे मात्र त्यात येत नाही. एलजीनेही आता निवडक संचांना पाच वर्षं नव्या आवृत्त्या देण्याचा कार्यक्रम जाहीर केला आहे. सीफॅक्सच्या ३८ वर्षांपुढे ही पाच वर्षं ठेवून बघा.

तेव्हा पुढच्या वेळी टीव्ही घ्यायला जाल, तेव्हा पडद्याची इंचं विचाराच, पण दुकानदाराला हेही विचारा: यातली ॲप्स किती वर्षं चालतील? त्याला बहुधा उत्तर देता येणार नाही. पण हा प्रश्न पुष्कळ लोकांनी विचारला, तर उत्तर द्यायची पाळी कधीतरी निर्मात्यावर येईल.

इथे आपण थांबू.