सरोद, बीन आणि मैहरची पोरकी मुले

माझे वडील हलगी वाजवीत. गावातली एकही वरात, एकही जत्रा त्यांच्या हलगीवाचून निघत नसे. आणि वाजवून झाले की पंगत उठेपर्यंत ते मांडवाबाहेर बसून राहत. पुढे मी शिक्षक झालो. तालुक्याच्या गावी एक गायनवर्ग चाले. तिथे नाव घालायला गेलो तेव्हा चालकांनी विचारले, "घरात संगीत आहे का?" मी हलगीचे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "मग तुम्हाला आणखी काय शिकायचंय?" मी परत फिरलो. तेव्हापासून भारतीय संगीताच्या इतिहासाला मी एकच प्रश्न विचारत आलो आहे : ही विद्या कोणाच्या मालकीची? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मला एका सरोदवादकाच्या आयुष्यात सापडले. त्यांचे नाव अल्लाउद्दीन खाँ.

सरोद हे अफगाणी रबाबापासून घडत आलेले वाद्य. त्याला सतारीसारखे पडदे नसतात. पोलादी पट्टीवर डाव्या हाताची बोटे घसरत जातात आणि उजव्या हातातल्या नारळाच्या करवंटीच्या जव्याने तार छेडली जाते. लाकडी पोटावर बकऱ्याचे कातडे ताणून बसवलेले असते. सरोदचा जो गंभीर, घुमणारा नाद रसिकांना वेड लावतो, तो या कातड्यामुळे. माझ्या वडिलांच्या हलगीलाही बकऱ्याचेच कातडे होते. एक कातडे दरबारात गादीवर बसले, दुसरे वेशीबाहेर राहिले. फरक कातड्यात नव्हता; ते कोणाच्या हातात आहे, यात होता.

अल्लाउद्दीन खाँ यांचा जन्म आज बांगलादेशात असलेल्या ब्राह्मणबाडियाजवळच्या शिवपूर गावचा. जन्मसाल कोणी १८६२ सांगतात, कोणी १८८१. लहानपणीच संगीताच्या ओढीने ते घरातून पळाले. कलकत्त्यात नुलो गोपाल या गायकाकडे त्यांनी काही वर्षे केवळ स्वरसाधना केली. या काळात हे मुसलमान पोर हिंदू नाव घेऊन राहिले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. शहरात खोली मिळवण्यासाठी ज्यांना आपले आडनाव गिळावे लागले, त्या आमच्या वाचकांना यातली वेदना वेगळी समजावून सांगायला नको. विद्येच्या दारात शिरण्यासाठी माणसाला आधी स्वतःला पुसून टाकावे लागते, ही कसली संस्कृती?

प्लेगने गुरू गेले. मग अल्लाउद्दीन वाद्यांकडे वळले. हाबू दत्त यांच्याकडे ते अनेक वाद्ये शिकले. लोबो नावाच्या गोव्याच्या बँडमास्तरकडे व्हायोलिन शिकले. नाटकमंडळीच्या वाद्यवृंदात वाजवून पोट भरले. मुक्तागाछाच्या जमीनदाराच्या दरबारी अहमद अली खाँ यांचा सरोद कानी पडला आणि या वाद्याने त्यांना कायमचे बांधून घेतले. अहमद अलींची त्यांनी चाकरी केली, आणि उस्तादांनी जे शिकवले नाही तेही कानाने टिपले.

पुढचा टप्पा रामपूरचा. तिथे वजीर खाँ होते. ते तानसेनाच्या मुलीच्या वंशातले बीनकार आणि नवाब हामिद अली खाँ यांचे गुरू. त्यांच्या दारात या गरीब बंगाली तरुणाला कोण उभे करणार? शेवटी त्याने नवाबाच्या गाडीपुढे स्वतःला झोकून दिले, असे सांगतात. गंडा बांधला गेला, पण त्यानंतरही बराच काळ विद्या मिळाली नाही. वजीर खाँ यांचा तरुण मुलगा वारला, तेव्हा कुठे त्यांचे मन द्रवले आणि ते शिकवू लागले, असे म्हणतात. तरीही एक कुंपण राहिलेच. बीन म्हणजे रुद्रवीणा. ती घराण्याच्या रक्ताबाहेर द्यायची नाही, असा दंडक होता. बीनेचे अंग शिक, पण वाजव सरोदवर!

एकलव्याचा अंगठा मागण्याची ही दरबारी रीत होती. परंतु याच बंदीतून मैहर घराण्याचा सरोद जन्माला आला. बीनेचा संथ, खोल आलाप खाँसाहेबांनी सरोदवर उतरवला. त्यासाठी धाकटे बंधू आयत अली खाँ यांच्या साहाय्याने त्यांनी वाद्याचे पोट मोठे व गोलाकार केले, तारा वाढवल्या. नाकारलेल्या माणसाने हाती उरलेले साधनच बदलून घेतले.

१९१८ च्या सुमारास विंध्य प्रदेशातल्या मैहर संस्थानात राजा ब्रिजनाथसिंह यांचे गुरू म्हणून ते स्थिरावले. तेव्हा साथीने देशात घरेच्या घरे ओस पडत होती. मैहरची पोरकी झालेली मुले गोळा करून खाँसाहेबांनी त्यांच्या हाती सतार, सरोद, व्हायोलिन, इसराज दिले. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी 'नळतरंग' हे वाद्य बनवले. हाच मैहरचा वाद्यवृंद. राजाश्रय होता, हे खरे. पण ज्याच्याकडे विद्येसाठी वंशाचा दाखला मागितला गेला, त्याने या मुलांकडे तो मागितला नाही. संगीत रक्तातून येते, या थोतांडाला याहून मोठा पुरावा काय हवा? रक्ताने ज्यांना काहीच दिले नव्हते, अशी ही मुले होती.

म्हणून खाँसाहेबांना देव करायचे कारण नाही. ते फार कडक होते. मुलगा अली अकबर याला त्यांनी किती मारले, झाडाला कसे बांधले, हे अली अकबरांनीच पुढे सांगितले आहे. विद्येबरोबर भयही दिले गेले. थोरल्या मुलीला संगीतापायी सासरी छळ सोसावा लागला, म्हणून धाकट्या अन्नपूर्णेला शिकवायचेच नाही, असे त्यांनी ठरवले होते. एकदा भावाची चूक ही मुलगी सुरात दुरुस्त करत असताना त्यांनी ऐकले, आणि मगच तिची तालीम सुरू झाली. बाईने न शिकवता शिकून दाखवल्याशिवाय तिला दार उघडत नाही, हाही आपला इतिहासच आहे. याच अन्नपूर्णादेवींनी पुढे मुंबईत पहिलवानाच्या मुलाला, हरिप्रसाद चौरसियांना, शिकवले. २०१८ साली मुंबईतच त्या वारल्या.

रविशंकर, निखिल बॅनर्जी, शरणरानी हे खाँसाहेबांचेच शिष्य. अली अकबरांनी १९५५ साली सरोद न्यूयॉर्कला नेला आणि १९६७ साली कॅलिफोर्नियात विद्यालय काढले. रामपूरच्या देवडीत कोंडलेली विद्या सातासमुद्रापार कोणालाही मिळू लागली. १९७१ साली पद्मविभूषण झालेले खाँसाहेब १९७२ च्या सप्टेंबरात मैहरलाच वारले.

संगीताचे इतिहासकार या कीर्तिमान शिष्यांवर प्रकरणे लिहितात आणि पोरक्या मुलांच्या वाद्यवृंदाला एक परिच्छेद देतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. प्रतिभावंताला शिकवणारे गुरू पुष्कळ झाले. ज्यांचे कोणीच नाही, त्यांच्या हाती वाद्य देऊन त्यांना सुरात आणणारे किती झाले? खाँसाहेब काही जातिअंताचे कार्यकर्ते नव्हते. पण विद्या वाटली की मक्तेदारी मोडते, हे त्यांच्या मैहरने दाखवून दिले.

मी माझ्या शाळेत संगीताचा तास घेतो. गाणे मी उशिरा, रेडिओ ऐकून, मिळेल तसे शिकलो. वर्गात एक जुनी पेटी आहे आणि वडिलांची हलगीही आहे. नवे मूल आले की त्याला मी घरचे संगीत विचारत नाही. कोणते वाद्य घेतोस, एवढेच विचारतो.