मिसफायर : फेरफार केलेल्या स्पोर्ट्स कारमधील निदान

इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये त्या फेरीचे इंधन पेटले नाही, अर्धवट पेटले किंवा भलत्याच क्षणी पेटले, तर त्याला मिसफायर म्हणतात. गॅरेजमध्ये याच तक्रारीला ‘गाडी मिसिंग करते’ म्हणतात. उभ्या गाडीची थरथर, चढावर बसणारे धक्के, पडलेला पिकअप आणि सायलेन्सरमधून येणारा कच्च्या पेट्रोलचा वास ही त्याची लक्षणे होत. ज्वलनाला ठिणगी, हवा-पेट्रोलचे योग्य प्रमाण आणि पुरेसे कॉम्प्रेशन लागते. कंपनीतून जशी आली तशीच असलेल्या गाडीत या तिन्हींपैकी काय बिघडले एवढेच शोधायचे असते. फेरफार केलेल्या गाडीत मात्र काय काय बदलले आहे हे आधी विचारावे लागते. मूळ मापे तिला लागू पडतीलच असे नाही.

गाडीतले इंजिन मुळात कोणाचे, हेही ठाऊक हवे. डीसी डिझाइनने बनवलेल्या अवंतीत रेनोचे २ लिटरचे टर्बो इंजिन होते. गोव्यात तयार झालेल्या सॅन स्टॉर्म या दोन आसनी गाडीतही रेनोचेच, १.२ लिटरचे. अशा गाड्यांचे निदान त्या मूळ इंजिनाच्या माहितीपत्रकावरूनच करावे लागते. रस्त्यावर जास्त दिसतात त्या चाकणला तयार झालेल्या पोलो जीटी टीएसआयसारख्या छोट्या टर्बो गाड्या. त्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रीमॅप करून टर्बोचा दाब वाढवला जातो आणि मिसफायरच्या बऱ्याच तक्रारींना तिथूनच सुरुवात होते.

स्कॅनरवरील पी ०३०० हा कोड अनेक सिलिंडरांत विखुरलेला मिसफायर सांगतो. पी ०३०१ पासून पुढचे कोड सिलिंडरचा क्रमांक देतात. ईसीयूला ज्वलन प्रत्यक्ष दिसत नाही. क्रँकशाफ्टचा वेग क्षणभर मंदावला की तो मिसफायर धरतो. म्हणून हलके फ्लायव्हील बसवलेल्या गाडीत खोटे कोड येऊ शकतात, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरील हादरेही क्वचित तसाच भास निर्माण करतात. ऑक्सिजन सेन्सरही फसवतो: न पेटलेल्या सिलिंडरमधली हवा तशीच बाहेर पडते आणि पेट्रोल भरपूर असूनही मिश्रण पातळ असल्याची नोंद होते. रीमॅपमध्ये मुद्दाम घातलेले, अ‍ॅक्सिलरेटर सोडताच फुटणारे ‘फटाके’ म्हणजे मिसफायर नव्हे.

दोष केव्हा जाणवतो, यावर अर्धे निदान होते. फक्त टर्बो जोर धरतो तेव्हाच गाडी अडखळत असेल, तर पहिला संशय ठिणगीवर घ्यावा. सिलिंडरमधला दाब वाढला की प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. जुनी कॉइल तिथे कमी पडते. त्यामुळे दाब वाढवलेल्या इंजिनात प्लगची फट ०.७-०.८ मिलिमीटरवरून ०.६ च्या आसपास आणतात आणि एक पायरी ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, प्लग वापरतात. तपासणीची सर्वांत स्वस्त रीत अदलाबदलीची आहे: दोन क्रमांकाची कॉइल तीनवर लावावी, कोडही तीनवर गेला तर दोष कॉइलचा. गेला नाही तर प्लगची, नंतर इंजेक्टरची पाळी. चारही कॉइल एकदम बदलून टाकण्याची घाई महागात पडते, आणि खरे कारणही त्यात हरवते.

ठिणगी ठीक असेल तर पेट्रोलचा दाब भर वेगात मोजावा. उभ्या गाडीत पुरेसा वाटणारा पंप वाढवलेल्या टर्बोला अपुरा पडतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्याला सुमारे १३.५ पट. जुन्या पेट्रोलवर बेतलेला मॅप त्यामुळे भर वेगात मिश्रण पातळ ठेवू शकतो. आयडलला मिसिंग आणि वेग वाढताच ते नाहीसे, असे असेल तर इंजिन कुठूनतरी जादा हवा ओढत आहे. इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधतात. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल उडवणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर काजळी साचते, कारण ती धुऊन काढायला तिथे पेट्रोल पोचतच नाही. यानंतरही एकच सिलिंडर रुसलेला राहिला, तर कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी अटळ. सिलिंडरांतला फरक १५ टक्क्यांच्या पुढे असल्यास दोष रिंग, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये शोधावा.

दापोली तालुक्याच्या उत्तर टोकाला, भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या केळशीसारख्या गावी तपासणीच्या या क्रमाला एक पुरवणी जोडावी लागते. तिथली खारी हवा आणि वाळू इंजिनाला मानवत नाहीत. कोकणच्या पावसात दमट हवेने कॉइलच्या रबरी टोपीत ओल धरते आणि ठिणगी प्लगच्या चिनीमातीवरून बाहेरून पळते. तिची काळी रेघ उमटते. ती दिसली तर प्लग आणि टोपी दोन्ही बदलावी लागतात. अंधारात बॉनेट उघडून कॉइलवर पाण्याचा बारीक फवारा मारल्यास अशी पळती ठिणगी नजरेला पडते. इंजिनाला हात मात्र लावू नये. मीठ कनेक्टरच्या पिना आणि अर्थिंगची पट्टीही खाते; इंजिन आणि बॅटरीच्या ऋण टोकादरम्यान, स्टार्टर फिरत असताना ०.२ व्होल्टपेक्षा बरीच जास्त घट दिसली, तर अर्थिंग साफ करणे हाच इलाज. समुद्राकाठी फिरवलेली गाडी खालून गोड्या पाण्याने धुणे योग्यच, पण इंजिनावर प्रेशरचा फवारा मारल्याने प्लगच्या खळग्यांत पाणी भरून नवीन मिसफायर उभा राहतो.

चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटला तर गाडी हळू चालवत गॅरेज गाठता येते. तो लुकलुकू लागला की न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो वितळण्याची भीती असते. अशा वेळी केळशीहून मंडणगडचा चढ चढण्याचा हट्ट करू नये. इंजिन बंद करावे, आणि गाडी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची असेल तर दोरीने न ओढता सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.