पोतोसीतलं पहिलं बाळ

१५९८ साली नाताळच्या आदल्या रात्री पोतोसी नावाच्या शहरात एक स्पॅनिश बाळ जन्मलं आणि जगलं. यात नोंद करण्यासारखं काय, असं वाटेल. पण शहर वसून तेव्हा ५३ वर्षं झाली होती आणि इतिवृत्तकाराच्या म्हणण्यानुसार तिथे जन्मून तिथेच वाढलेलं हे पहिलं स्पॅनिश मूल होतं.

पोतोसी आजच्या बोलिव्हियात, सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे. १५४५ मध्ये तिथल्या डोंगरात चांदी सापडली. पाठोपाठ माणसं आली, चर्च आली, टांकसाळ आली. बाळं मात्र टिकेनात. खरं तर स्पॅनिशांना याची कुणकुण आधीच लागली होती. पेरूतली त्यांची पहिली राजधानी हाउहा, सुमारे ३,४०० मीटरवर. तिथे डुकरं, घोड्या, कोंबड्या यांची वीण होत नाही, ही तक्रार राजधानी हलवण्याच्या कारणांमध्ये लिहिलेली आहे. १५३५ मध्ये समुद्रकाठी लिमा वसलं. जनावरांसाठी राजधानी हलली. चांदी मात्र हलवता येत नव्हती.

पोतोसीची हकीकत आंतोनियो दे ला कालांचा या साधूने लिहिली, १६३०च्या दशकात. तो सांगतो की स्पॅनिशांची मुलं जन्मताच किंवा पंधरवड्यात दगावत. म्हणून बायका बाळंतपणाला खालच्या उबदार खोऱ्यांत जात आणि मूल वर्षाचं होऊन गेल्यावरच वर आणत. स्थानिक अँडियन बायकांची मुलं त्याच शहरात जगत होती. पुढे १५९८चं ते बाळ आईबापांनी तोलेंतिनोच्या संत निकोलसला वाहिलं आणि ते वाचलं. चमत्कार!

आमच्या धंद्यात काही बिघडलं की आधी लॉग बघतात, आणि जरा मुरलेला माणूस तो लॉग कुणी लिहिलाय तेही बघतो. कालांचा ऑगस्टिनियन पंथाचा होता आणि संत निकोलसही त्याच पंथाचा. चमत्काराची बाजू ठसठशीत यावी यात त्याचा स्वार्थ होता. मला त्याच्या मजकुरात संतापेक्षा त्या बायकांचं वाक्य मोलाचं वाटतं. तिथे त्याला काही सिद्ध करायचं नाही, सगळ्यांना ठाऊक असलेली रीत तो जाता जाता सांगतो. म्हणून मी त्यावर जास्त विश्वास ठेवतो. बाळं केवळ उंचीने गेली असंही म्हणवत नाही. थंडी होती, चांदी शुद्ध करताना उडणारी पाऱ्याची वाफ होती.

रीत बरोबर होती हे कळायला मात्र फार काळ गेला. गर्भात फुप्फुसांचं काम नसतं, त्यांच्या रक्तवाहिन्या जाड आणि आवळलेल्या असतात. पहिल्या श्वासाबरोबर प्राणवायू मिळाला की त्या सैलावतात आणि पुढच्या आठवड्यांत पातळ होत जातात. हवा विरळ असेल तर त्या आवळलेल्याच राहतात आणि हृदयाची उजवी बाजू जोर लावून लावून थकते. ल्हासामध्ये मरण पावलेल्या १५ तान्ह्या मुलांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा नेमकं हेच दिसलं. बहुतेक मुलं हान चिनी, त्यांतली बरीच सखल भागातून वर आणलेली. तिबेटी आणि अँडियन आयांच्या गर्भाशयाला गरोदरपणात रक्त जास्त मिळतं, त्यामुळे त्यांची बाळं वजनदार असतात. हा हजारो वर्षांचा वारसा आहे, तो विकत मिळत नाही.

हे सगळं वाचायचं कारण घरातलं. ताई आणि भावोजींना आठ महिन्यांच्या भाचीला घेऊन लेहला जायचं होतं, थेट विमानाने. लेह ३,५०० मीटर. ल्हासाचा आजार आठवड्या-महिन्यांच्या मुक्कामाचा; आठ दिवसांच्या सहलीत भीती वेगळी, म्हणजे डोंगराची नेहमीची बाधा आणि फुप्फुसात पाणी होण्याची. पण बाळ डोकं दुखतंय म्हणून सांगत नाही. ते किरकिरतं, दूध सोडतं, झोपत नाही, ओकतं. पर्वतवैद्यकातल्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये एकत्र येऊन सांगितलं ते इतकंच: वर गेल्यावर असं काही झालं तर दुसरं कारण सापडेपर्यंत ते उंचीमुळेच समजा आणि खाली उतरा. म्हणजे पोतोसीच्या बायांचंच औषध.

मी भावोजींना एकच विचारलं, उतरायचं कुठे? मनालीचा रस्ता, नुब्रा, पँगाँग, सगळीकडे आधी आणखी वर खिंडीत जावं लागतं. सिंधूच्या काठाने खालसीपर्यंत उतरता येतं, पण तेही सुमारे ३,००० मीटर. उरतं ते इस्पितळातला ऑक्सिजन आणि सकाळचं विमान. पोतोसीच्या बायांना निदान खोरी होती.

भावोजी म्हणाले, "अरे, तिथे लोक राहतात की, त्यांना मुलं होत नाहीत का?" चारशे वर्षांपूर्वीही कुणीतरी हेच म्हणालं असणार.

शेवटी बालरोगतज्ज्ञांनी बाळ तपासलं. सर्दी नाही, हृदयाची तक्रार नाही, जन्म पूर्ण दिवसांचा. मग ठरलं ते श्रीनगरहून गाडीने: दोन रात्री १,६०० मीटरवर, दोन कारगिलला २,७०० वर, मग सुमारे ३,१०० मीटरवरच्या आल्चीला मुक्काम. वाटेत ४,१०० मीटरची फोटू ला खिंड लागते, पण तिथे थांबायचं नाही. लेह बाळाचा रंग बघून. पँगाँग रद्द, त्यावरून भावोजी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.